जागेपणाचा हिशेब ठेवा
बॅटरीवरचे बिनतारी सेन्सर रानात बसवणाऱ्या मुलामुलींसाठी कानमंत्र

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत आता मातीचा ओलावा, पानावरचं दव, हवेतली आर्द्रता मोजणारे छोटे डबे दिसू लागले आहेत. तुमच्यापैकी बरेच जण हे डबे बनवतात, बसवतात, सांभाळतात. बागेच्या मधोमध वायर ओढता येत नाही. ट्रॅक्टरचा फाळ ती तोडतो, उंदीर कुरतडतात. म्हणून हा डबा, म्हणजे नोड, बॅटरीवर चालतो आणि त्याचं आयुष्य बॅटरीइतकंच असतं. ऐन बहरात नोड बंद पडला तर बागायतदाराला पान किती तास ओलं राहिलं हे कळत नाही. मग डावणी रोगाच्या भीतीने तो गरज नसलेली फवारणी तरी करतो, नाहीतर गरजेची फवारणी चुकवतो. तुमच्या सर्किटमधले वाया गेलेले मायक्रोअँपिअर शेवटी त्याच्या खिशातून जातात.

सगळ्या अनुभवाचं सार आधीच सांगतो. बॅटरी कामात संपत नाही, जागरणात संपते. दिवसभरात नोडचं खरं काम काही सेकंदांचं असतं. उरलेला सगळा वेळ तो वाट पाहतो. त्या वाट पाहण्याचा हिशेब ज्याने नीट मांडला, त्याचा नोड टिकतो.

१. आधी कागद, मग सोल्डर

अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्यालगत ग्रेट डक नावाचं बेट आहे. तिथे २००२ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आणि इंटेलच्या संशोधकांनी स्टॉर्म पेट्रेल पक्ष्यांच्या बिळांमध्ये आणि आसपास ३२ नोड बसवले. माणूस सारखा गेला तर पक्षी बिचकतात, म्हणून नोड एकदा बसवले की हात लावायचा नाही अशी अट होती. त्यांनी सुरुवात हिशेबाने केली. दोन पेन्सिल सेलमधून २२०० मिलिअँपिअर-तास मिळतील असं धरलं, मुदत नऊ महिन्यांची ठरवली, म्हणजे दिवसाला खर्चायला साधारण ८ मिलिअँपिअर-तास. नोडने काय करायचं आणि काय नाही, हे त्या आकड्यावरून ठरलं.

तुम्हीही तसंच करा. समजा, ३.६ व्होल्टचा २४०० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम सेल आहे. त्यातले २००० च हाती लागतील असं धरा. तीन वर्षं चालवायचं म्हणजे सुमारे २६,००० तास. भागाकार केला की सरासरी ७६ मायक्रोअँपिअर येतात. हा आकडा कामाच्या टेबलासमोर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. सर्किटमध्ये घालायचा प्रत्येक भाग या ७६ मधून किती घेणार, हे विचारल्याशिवाय त्याला जागा देऊ नका.

२. झोपेतली गळती आधी बुजवा

माठाला बारीक गळती असेल, तर पाणी कोण किती पितं याची चर्चा करून उपयोग नसतो. नोडचंही तसंच आहे.

पहिली गळती व्होल्टेज रेग्युलेटरची. बाजारात सहज मिळणारा एएमएस १११७ स्वतःसाठीच ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. आपला सेल त्याच्या एकट्याच्या पोटात सतरा दिवसांत रिकामा होतो. त्याच्या जागी एक-दोन मायक्रोअँपिअरवर भागणारा रेग्युलेटर घ्या. आणखी चांगलं म्हणजे सेलच्या व्होल्टेजवर थेट चालणारी चिप निवडा, म्हणजे रेग्युलेटरच लागणार नाही.

दुसरी गळती ‘चालू आहे’ असं दाखवणाऱ्या लाल दिव्याची. २ मिलिअँपिअरचा एलईडी सतत पेटता राहिला तर सेल सहा आठवड्यांत संपतो. रात्री बागेत तो दिवा बघायला कोणी नसतं. बसवताना खात्री करायला दिवा हवा असेल तर पहिली पाच मिनिटं लुकलुकू द्या आणि मग कायमचा विझवा.

तिसरी गळती बॅटरी मोजण्यासाठी घातलेल्या दोन रेझिस्टरची. दहा-दहा किलोओहमची जोडी बॅटरीवर सतत जोडलेली असेल तर १८० मायक्रोअँपिअर जातात, आपल्या अंदाजपत्रकाच्या दुपटीहून जास्त. एक-एक मेगाओहम घाला, किंवा मोजायच्या क्षणापुरतीच जोडी चालू करा.

चौथी गळती डोळ्यांना दिसत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या न वापरलेल्या पिना मोकळ्या लोंबत ठेवल्या तर त्या अधांतरी राहून करंट खातात. त्यांना ठरावीक पातळीवर बांधा. सेन्सरचा पुरवठा मॉसफेटने तोडला, पण त्याची डेटा लाइन वर ओढलेलीच राहिली, तर तो मागच्या दाराने त्या लाइनमधूनच वीज ओढत राहतो. म्हणून पुरवठा तोडण्याआधी त्या पिनाही खाली आणा.

आणि एक सांगतो. शिकताना वापरलेला तयार बोर्ड तसाच रानात नेऊ नका. त्यावरची यूएसबी चिप, रेग्युलेटर आणि दिवा झोपत नाहीत. आतली चिप कितीही गाढ झोपली तरी बोर्ड जागाच राहतो.

३. ऐकणं बोलण्याइतकंच महाग

नव्या मुलांना वाटतं, रेडिओ फक्त संदेश पाठवताना खर्च करतो. तसं नाही. बिनतारी सेन्सरच्या सुरुवातीच्या काळात सीसी २४२० ही रेडिओ चिप फार वापरली गेली. ती पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घ्यायची आणि ऐकताना १८.८. म्हणजे नुसतं कान देऊन बसणं बोलण्याहून महाग पडायचं. आजच्या ‘लोरा’ या लांब पल्ल्याच्या रेडिओच्या चिपमध्ये पाठवायला जास्त लागतं, पण एसएक्स १२७६ ऐकताना ११ मिलिअँपिअरच्या आसपास घेतेच. कान सतत उघडे ठेवले तर आपला सेल आठवडाभरच पुरतो.

म्हणून नोडने आपलं सांगायचं, उत्तरासाठी क्षणभर थांबायचं आणि झोपी जायचं. लोरावर चालणाऱ्या लोरावॅन नेटवर्कमधला ‘क्लास ए’ नोड हेच करतो. संदेश गेल्यावर तो साधारण एक आणि दोन सेकंदांनी दोन छोट्या खिडक्या उघडतो आणि पुन्हा झोपतो. बागायतदाराला मोटर चालू-बंद करायची असेल आणि आज्ञा ताबडतोब पोचायला हवी असेल, तर तो नोड वीज असलेल्या ठिकाणी ठेवा. ते काम बॅटरीवर लादू नका.

एका नोडचा निरोप दुसऱ्याने पुढे न्यायचा, अशी साखळीही विचार करूनच करा. सगळ्यांचे निरोप गोळा करणाऱ्या गेटवेजवळच्या नोडवर सगळ्यांचा भार येतो, तो आधी मरतो आणि त्याच्यामागचे जिवंत नोडही तुटतात. हा भार आळीपाळीने वाटावा म्हणून एमआयटीच्या हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी २००० साली ‘लीच’ ही पद्धत मांडली. आपल्या बागेला मात्र बहुधा याहून सोपा मार्ग पुरतो. गेटवे पाण्याच्या उंच टाकीवर ठेवा आणि प्रत्येक नोडला त्याच्याशी थेट बोलू द्या.

साखळी टाळता येत नसेल तर सगळ्यांनी ठरलेल्या वेळी एकदम उठावं. त्यासाठी घड्याळ चांगलं लागतं. २० पीपीएमचं क्वार्ट्झ तासाभरात जास्तीत जास्त ७२ मिलिसेकंद चुकतं. चिपच्या आतलं एक टक्का चुकणारं आरसी घड्याळ तासाला ३६ सेकंद चुकतं. जितकं घड्याळ बिघडलेलं, तितकं लवकर उठून शेजाऱ्याची वाट पाहत बसावं लागतं. स्वस्त घड्याळाची किंमत बॅटरी मोजते.

४. थोडक्यात बोला, वेगाने बोला

लोरामध्ये स्प्रेडिंग फॅक्टर सातपासून बारापर्यंत असतो. एक पायरी चढलात की हवेतला वेळ जवळपास दुप्पट होतो. १२५ किलोहर्ट्झवर दहा बाइटची नोंद लोरावॅनने पाठवली तर सातला ६० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, बाराला जवळपास दीड सेकंद. पाठवताना ४० मिलिअँपिअर आणि दर पंधरा मिनिटांनी एक संदेश धरा. सरासरीत सातचा खर्च ३ मायक्रोअँपिअरहून कमी, बाराचा ६६. आपल्याकडे एकूण ७६ आहेत. संदेश तोच, बाग तीच, पण एकीकडे सेल वर्षानुवर्षं टिकतो आणि दुसरीकडे सेन्सरसाठी काही उरतच नाही.

मजकूरही आवरा. तापमान आणि आर्द्रता नावांसकट अक्षरांत लिहून पाठवली तर वीस-बावीस बाइट जातात. आकडे म्हणून पाठवली तर तीन बाइट पुरतात. कोणता आकडा कशाचा, हे गेटवेच्या पलीकडच्या संगणकाला माहीत असतंच. शिवाय प्रत्येक संदेशाला लोरावॅनचं तेरा बाइटचं वेष्टन असतंच असतं. चार नोंदी साठवून तासाला एकदाच पाठवल्या तर ते वेष्टन चारदा न जाता एकदाच जातं.

५. अँटेनाची उंची फुकट मिळते

स्प्रेडिंग फॅक्टर सात आणि बारामधला फरक पुष्कळदा सॉफ्टवेअरपेक्षा बांबूवर ठरतो. नोड वेलींच्या सावलीत असू द्या, पण अँटेना मांडवाच्या वर काढा. भारतात परवान्याविना वापरता येणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, त्याची पाव तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येते. मॉड्यूलबरोबर दुसऱ्याच पट्ट्याची अँटेना आलेली असेल तर पाठवलेली ताकद बाहेर न पडता मागे फिरते. अँटेना कोणत्या पट्ट्याची आहे ते विचारूनच घ्या.

आणि बाग ओळखा. ऑक्टोबर छाटणीनंतर वेली उघड्या असतात, त्या आठवड्यात कुठूनही सिग्नल उत्तम येतो. डिसेंबरमध्ये पानांची भिंत उभी राहते, पहाटे त्यावर दव असतं, आणि पाण्याने भरलेलं पान रेडिओलहरी पिऊन टाकतं. उघड्या बागेत चाचणी करून निर्धास्त होऊ नका. तेव्हाच्या सिग्नलमध्ये निदान दहा डेसिबल शिल्लक राहतील अशी जागा निवडा. नाहीतर पानं वाढताच नोड आपोआप वरच्या पायरीवर सरकतो आणि ज्या महिन्यांत त्याची खरी गरज, त्याच महिन्यांत बॅटरी उडते.

६. पिकाच्या चालीने मोजा

ठिबक बंद झाल्यावर मातीतला ओलावा तासांच्या गतीने बदलतो, मिनिटांच्या नाही. तो दर मिनिटाला मोजून आलेख सुंदर दिसतो, शेतकऱ्याला नवं काही कळत नाही. दोन तासांनी एकदा मोजला तरी पाणी कधी सोडायचं हे ठरवता येतं. पानावरच्या ओलाव्याचं गणित निराळं. पान कोरडं आणि हवा कोरडी असताना तासाला एकदा पुरे. आर्द्रता चढली किंवा पान ओलं झालं की दहा मिनिटांवर या, कारण डावणीसाठी पान सलग किती वेळ ओलं राहिलं हेच महत्त्वाचं.

मोजणं आणि पाठवणं वेगळं ठेवा. मोजणं स्वस्त, पाठवणं महाग. आकडा फारसा बदलला नसेल तर पाठवू नका. पण दिवसातून एकदोनदा ‘मी आहे’ एवढा निरोप जाऊ द्या, म्हणजे गप्प बसलेला नोड आणि मेलेला नोड यांतला फरक कळेल.

सेन्सर लागेल तेवढाच वेळ जागवा. प्रत्येक सेन्सरला स्थिरावायला ठरावीक वेळ लागतो, तो त्याच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. त्याआधी वाचलात तर आकडा खोटा, त्यानंतर रेंगाळलात तर वीज वाया.

७. गेटवे गेला तर नोडने घाबरायचं नाही

शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते. गेटवे त्याच वीजजोडणीवर असेल आणि त्याला बॅकअप नसेल तर तो रोज बंद पडतो. तेव्हा नोड काय करतो, हे कार्यालयात बसून कोणी तपासत नाही. प्रत्येक संदेशाची पोच मागणारा नोड उत्तर मिळेना म्हणून पुन्हापुन्हा पाठवतो, हळूहळू सर्वांत संथ पायरीवर जातो, नेटवर्कमध्ये पुन्हा दाखल होण्याचा प्रयत्न करत राहतो. एका रात्रीत महिन्याभराची वीज जाऊ शकते.

म्हणून पोच फक्त महत्त्वाच्या संदेशांची मागा. पहिला प्रयत्न फसला तर थोडं थांबा, दुसरा फसला तर त्याच्या दुप्पट, असं करत शेवटी काही तासांवर जा. त्यात थोडा अनियमितपणा घाला, नाहीतर वीज आल्यावर सगळे नोड एकदम बोलायला लागतात आणि एकमेकांचे संदेश मारतात. नेटवर्कची ओळख कायम स्मृतीत साठवा, म्हणजे नोड रीसेट झाला तरी पुन्हा नावनोंदणी करावी लागणार नाही. आणि गेटवेला बॅटरी बॅकअप द्याच. तो एक खर्च डझनावारी नोड वाचवतो.

८. सेलचा स्वभाव ओळखा

लिथियम थायोनिल क्लोराइडचे ३.६ व्होल्टचे सेल या कामाला उत्तम. पडून राहिले तरी वर्षाला साधारण एक टक्काच झिजतात. पण त्यांचे दोन स्वभाव लक्षात ठेवा. बरेच महिने स्वस्थ राहिले की आतल्या लिथियमवर क्षाराचा पातळ थर चढतो आणि पहिल्याच मोठ्या करंटला व्होल्टेज खाली बसतं. शिवाय छोटा सेल मोठा झटका सहन करत नाही. यावर उपाय एकच, सेलला समांतर कमी गळतीचा चांगला कपॅसिटर. झटका कपॅसिटर देतो, सेल त्याला सावकाश भरतो.

आणखी एक, या सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं. ३.६ दिसतंय म्हणजे सेल भरलेला आहे, असा निष्कर्ष काढू नका. किती संदेश गेले, कोणत्या पायरीवर गेले, किती वेळा रीसेट झाला, याची मोजदाद नोडलाच ठेवू द्या आणि त्यावरून उरलेलं आयुष्य काढा.

निफाडला थंडीच्या काही पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जातो. साध्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध तेव्हा वाढतो, आणि दुपारी ठीक चालणारा नोड पहाटे संदेश पाठवताना रीसेट होतो. उलट एप्रिल-मेमध्ये उन्हातल्या बंद डब्यात सेलची झीज आणि सर्किटची गळती दोन्ही वाढतात. डबा पांढरा असू द्या, सावलीत असू द्या.

सौर पॅनेल लावलं की चिंता मिटली, असं समजू नका. घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, बागेत पॅनेलवर बोर्डो मिश्रणाचा थर बसतो. गळका नोड पॅनेलनेही जगत नाही. आधी गळती बुजवा, मग छोटं पॅनेलही पुरतं.

वापरलेले सेल बांधावर टाकू नका, जाळू नका, पुन्हा चार्ज करायचा प्रयत्न तर मुळीच नको, ते फुटू शकतात. ते परत आणा आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या.

९. मोजल्याशिवाय विश्वास नको

माहितीपत्रकातला झोपेचा आकडा चिपचा असतो, तुमच्या नोडचा नव्हे. साध्या मल्टिमीटरवर मायक्रोअँपिअरची रेंज लावली आणि नोड मध्येच संदेश पाठवायला उठला, तर मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि नोड रीसेट होतो. म्हणून मीटरला समांतर एक वायर जोडून ठेवा, नोड झोपल्यावर ती काढा, आणि मग वाचा. जागं असतानाचा खर्च पाहायला छोटा शंट रेझिस्टर आणि ऑसिलोस्कोप लागतो, किंवा करंटचा आलेख काढणारं यंत्र.

हे माप टेबलावर एकदा आणि डबा बंद केल्यावर पुन्हा घ्या. सर्किटवर राहिलेलं फ्लक्स, बोटांचा घाम, पावसाळी दमट हवा यांच्यामुळे दोन ट्रॅकमध्ये वीज झिरपते. बोर्ड धुवा, वाळवा, संरक्षक लेप द्या. फवारणीतलं गंधक आणि ताम्र कनेक्टरवर साचतं, त्यामुळे केबल खालच्या बाजूने डब्यात घ्या.

१०. काय वाचवायचं नाही, हेही ठरवा

काटकसरीची हौस लागली की माणूस नको तिथे कात्री लावतो. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने दरड कोसळण्याची पूर्वसूचना देणारं बिनतारी सेन्सरचं जाळं उभारलं आहे. अशा ठिकाणी कोरड्या दिवसांत नोडला भरपूर झोपू द्यावं, पण पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की मोजमाप आणि संदेश दोन्ही वाढवावेत. आपल्या सह्याद्रीत माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) या दरडीखाली गाडल्या गेलेल्या जागा आपण विसरू शकत नाही. डोंगराच्या कुशीत सेन्सर बसवण्याचं काम तुमच्याकडे आलं तर वर्षभर एकेक मायक्रोअँपिअर वाचवा, ते मुसळधार पावसाच्या रात्री सढळ हाताने खर्चता यावेत म्हणून. बॅटरी टिकवणं हे साधन आहे. वेळेवर खबर पोचणं हे काम आहे.

आता कामाला लागताना क्रम लक्षात ठेवा. आधी झोपेतला करंट मोजा, कारण तो चोवीस तास चालतो. मग रेडिओ किती वेळ जागा राहतो ते पाहा. मग संदेशांची संख्या आणि लांबी कमी करा. सेन्सर आणि प्रोसेसर यांच्याकडे शेवटी वळा. हा क्रम उलटा करून प्रोग्राममधल्या चार ओळी वाचवण्यात रात्र घालवणारे हुशार लोक पुष्कळ आहेत, तुम्ही त्यांत जाऊ नका. बॅटरी बदलायला चिखलातून जाणारा माणूस तुमच्याच गटातला असतो, आणि तो पोचेपर्यंत आंधळी राहणारी बाग दुसऱ्याची असते. दोघांचाही विचार करून तो ७६ चा आकडा पाळा.